खड्याच्या पाठीवरची वाटी

"काका, मशीन फक्त धुऊन द्या. तेल नका घालू."

हे वाक्य हल्ली माझ्या टेबलापाशी वारंवार ऐकू येतं. म्हणणारी मुलं बहुतेक पंचविशी-तिशीतली. हातात आजोबांचं एचएमटी जनता असतं, नाहीतर जुन्या बाजारातून हौसेनं उचललेलं फेवर ल्युबा. ही मुलं घड्याळावर जीव लावतात. सकाळी ठरल्या वेळी चावी देतात, काचेवरचा ओरखडा स्वतः घासून काढतात. म्हणून तर त्यांच्याशी वाद घालायचा. ज्याला घड्याळाचं सोयरसुतक नाही, त्याच्याशी वाद घालून काय मिळणार?

त्यांचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं आहे आणि ते वेडगळ नाही. जुनं घड्याळ उघडलं की आत काळपट-हिरवा चिकटा दिसतो, तो तेलाचाच. तेल आटतं, घट्ट होतं, धूळ धरून बसतं. शिवाय मशीनमध्ये माणकाचे खडे बसवलेत ते घर्षण नको म्हणूनच ना? मग खड्यावर पुन्हा तेल कशाला? एवढं बोलून झालं की ते पुरावा पुढे करतात. धुऊन कोरडं जोडलेलं मशीन टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर ठेवलं आणि बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा, झोका २८० अंश आला. चांगल्या मशीनचा झोका २७० ते ३००च्या आसपास असावा हे त्यांना ठाऊक असतं. मग राहिलं काय?

भरीला आमच्याच धंद्यातले काही जुने लोक मान डोलावतात. "आम्ही जन्मभर पेट्रोलमध्ये धुऊनच दिली घड्याळं, कुणाची तक्रार आली नाही." तक्रार आली नसेल, मला मान्य आहे. ती का आली नाही, याकडे मी येणारच आहे.

आधी खड्याचं बोलू, कारण सगळा गैरसमज तिथून सुरू होतो.

चाकाचा एखादा खडा चिमट्यात धरा आणि आयग्लासखाली थोडा तिरपा करून बघा. मधोमध केसाएवढं भोक. आतली बाजू सपाट. बाहेरच्या बाजूला मात्र भोकाभोवती खोलगट वाटी कोरलेली दिसेल, गुळगुळीत, कडेपर्यंत चकाकणारी. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १० आणि माणीक ९. एवढ्या कठीण दगडात अशी वाटी घासून काढायला मेहनत पडते, पैसा पडतो. ती वाटी तिथे आहे ती फक्त तेलासाठी. तेल नकोच असतं, तर खड्याला साधं भोक पाडून काम भागलं असतं.

१७०४ साली लंडनमध्ये निकोला फाशियो आणि देबोफ्र बंधू यांनी घड्याळात भोकाचे खडे बसवण्याचं पेटंट घेतलं. पुढे त्याच शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पॅरिसमध्ये हेन्री सली आणि जुलियाँ ल र्वा यांनी पिव्होटाभोवती तेल धरून ठेवणारी खोलगट जागा करायला घेतली. खडा आणि तेलाची वाटी अशी पाठोपाठच आली. खड्यानं तेलाची जागा घेतली, असं या इतिहासात कुठेच घडलेलं नाही. उलट खड्यामुळे तेलाचं आयुष्य वाढलं. पितळेच्या भोकात जुन्या प्रकारचं तेल पितळेशी झटापट करतं आणि हिरवं पडतं. मुलं ज्या हिरव्या चिकट्याकडे बोट दाखवतात, त्यातला हिरवेपणा पितळेतल्या तांब्याचा आहे. माणीक तेलाशी काहीच करत नाही. ते तेलाला शांतपणे सांभाळून ठेवतं.

आता कोरड्या खड्यात काय होतं ते बघू. बॅलन्सच्या आसाचं टोक, ज्याला आम्ही पिव्होट म्हणतो, ते साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचं असतं. एचएमटी जनताचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं. म्हणजे सेकंदाला ५, दिवसाला ४ लाख ३२ हजार, वर्षाला १५ कोटी ७६ लाखांच्या वर. प्रत्येक ठोक्याला पोलादाचं हे टोक माणकावर फिरतं. दोघांत कठीण माणीक, त्यामुळे झिजायचं ते पोलादानं. झिजलेल्या पोलादाचा बारीक कण हवेतल्या ओलाव्यानं आणि प्राणवायूनं गंजतो आणि त्याची तांबूस भुकटी होते. ही भुकटी म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. पोलादाला आणि सोन्याला चकाकी आणण्यासाठी कारागीर जी लाल पूड वापरतात, ती हीच वस्तू. म्हणजे कोरडा पिव्होट स्वतःला घासण्याचा मसाला स्वतःच तयार करतो आणि मग त्यातच फिरत राहतो. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपलं आपण थांबत नाही.

तुमच्या टाइमग्राफरला यातलं काहीच पहिल्या दिवशी दिसत नाही. दिसणारही नाही. नुकतं धुतलेलं मशीन, पिव्होट अजून चकचकीत, तेलाचा ओढा नाही, तेव्हा झोका चांगलाच येणार. मी स्वतः हे अनेकदा पाहिलं आहे, नाकारायचा प्रश्नच नाही. पण ती परीक्षा पहिल्या तासाची झाली. घड्याळाला परीक्षा द्यायची असते ती चार-पाच वर्षांची, मनगटावर, घामात, पावसाळ्यात, धुळीत. गाडीचं सगळं ऑइल काढून इंजिन सुरू केलं तरी ते पहिला मिनिटभर सुरळीतच चालतं. त्यावरून कुणी ऑइल नकोच असा निष्कर्ष काढत नाही.

मागच्या वर्षी एक मुलगा त्याच्या वडिलांचं जनता घेऊन आला. वडील एसटीत कंडक्टर होते, पस्तीस वर्षं हे घड्याळ त्यांच्या हातावर होतं. तीन वर्षांपूर्वी ते कुणाकडे तरी 'फक्त धुऊन' घेतलं होतं आणि मुलगा तेव्हापासून रोज वापरत होता. आता रोज पाच-सहा मिनिटं मागे पडत होतं आणि रात्री कधीतरी बंदही पडत होतं. मी झाकण उघडलं. मशीन लांबून अगदी स्वच्छ दिसत होतं, प्लेटी चकचकीत. मग आयग्लास लावला आणि बॅलन्सवरची शॉकप्रूफची बारीक स्प्रिंग सरकवून वरचा खडा काढला. खड्यावर तेलाचा मागमूसही नव्हता. मध्यभागी मात्र तांबूस-तपकिरी ठिपका होता. एका टोकदार काडीनं तो उचलला, पांढऱ्या कागदावर घासला, तर विटेच्या पुडीसारखी रेघ उठली. बॅलन्सचा आस काढून बघितला. एका बाजूच्या पिव्होटाला कंगोरा पडला होता, पेन्सिल अर्धवट तासून ठेवावी तसा, आणि टोक गोल राहिलं नव्हतं, चपटं झालं होतं. ते टोक मी त्यालाही आयग्लासमधून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग एवढंच म्हणाला, "बाहेरून तर किती छान दिसत होतं."

पिव्होट झिजला की नवा आस लागतो. आणि इथे हा वाद हौसेच्या गप्पांपुरता राहत नाही. एचएमटीनं १९६१ साली बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या साहाय्यानं घड्याळं काढायला सुरुवात केली. देशातल्या लाखो घरांत पहिलं मनगटी घड्याळ या कारखान्याचं आलं. २०१६ साली केंद्र सरकारनं घड्याळ कंपनी बंद करण्याला मंजुरी दिली. नवे सुटे भाग आता कोण करणार? जुना साठा संपत चालला आहे. एक जनता वाचवायला दुसरं जनता मारावं लागतं, त्यातला आस काढून यात घालावा लागतो. म्हणजे एका घड्याळाच्या कोरडेपणाची किंमत दोन घड्याळं मोजतात. ज्या घड्याळाची भावंडं आता जन्माला येणार नाहीत, त्याच्या बाबतीत 'बघू, चालतंय ना' हे धोरण चालणार नाही.

आणि मग त्या 'तक्रार आली नाही'चं काय? तक्रार दुकानात आली नाही हे खरं. ती कपाटात गेली. घड्याळ हळूहळू मागे पडायला लागलं, माणसानं महिनाभर रोज काटे पुढे सरकवले, मग कंटाळला. तोवर क्वार्ट्झची घड्याळं आली होती, सेलवर चालणारी, चावी न मागणारी. जुनं घड्याळ रुमालात गुंडाळून लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये गेलं. मालकाला वाटलं, घड्याळाचं वय झालं. त्यानं दोष घड्याळाला दिला, कारागिराला दिला नाही. आज जी घड्याळं नातवंडं कपाटातून काढून माझ्याकडे आणतात, त्यांतली कितीतरी या न आलेल्या तक्रारी आहेत.

तेलाचं नाव खराब झालं त्याला बऱ्याच अंशी आम्ही घड्याळवालेच कारणीभूत आहोत, हेही मला इथे लिहिलंच पाहिजे. आमच्या धंद्यात 'वरून तेल' नावाचा एक प्रकार चालत आला आहे. मशीन न खोलता, न धुता, मागचं झाकण उघडायचं आणि सुईच्या टोकानं दिसेल तिथे थेंब सोडायचे. जुन्या चिकट्यावर नवं तेल पडतं, चिकटा विरघळतो, आठ दिवस घड्याळ झकास चालतं, मग तोच चिकटा भोकाभोकांत उतरतो आणि सगळं थांबतं. त्यात एखादा थेंब बॅलन्सच्या हेअरस्प्रिंगवर, त्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर गेला तर आणखी गोंधळ. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ पळत सुटतं, तासाभरात कितीतरी मिनिटं पुढे. 'तेल घातल्यावर घड्याळ बिघडलं' असं माणूस म्हणतो ते खोटं नसतं. पण ती चूक थेंबाच्या जागेची आहे. हेअरस्प्रिंगवर तेल कधीच, कुठल्याही घड्याळात, घालायचं नसतं.

जास्त तेल घालणं हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार आहे आणि तो समजला की तेलाचं सगळं शास्त्र समजतं. दिव्याची वात तेल वर ओढते, त्याच नियमानं चिंचोळ्या फटीत द्रव आपोआप खेचला जातो. बॅलन्सच्या टोकाशी दोन खडे असतात, एक भोकाचा आणि त्याच्यावर एक सपाट झाकणाचा. भोकाच्या खड्याचा तोंडाकडचा भाग किंचित फुगीर असतो, त्यामुळे दोघांमधली फट मधोमध सगळ्यात अरुंद, नेमकी पिव्होटाच्या टोकापाशी. म्हणून योग्य मापाचा थेंब आपोआप मध्यात गोळा होतो आणि तिथेच राहतो, वर्षानुवर्षं. थेंब झाकणाच्या खड्याच्या साधारण अर्ध्या ते दोन तृतीयांश भागावर पसरावा, एवढंच. त्यापेक्षा मोठा झाला आणि त्याची कड धातूच्या चौकटीला टेकली की खेळ उलटतो. खडा आणि धातू यांच्यामध्ये आणखी अरुंद फट असते. तेल तिकडे खेचलं जातं आणि एकदा ओघळ सुरू झाला की मागचं तेलही त्याच्यामागून जातं. महिन्याभरात प्लेट तेलकट होते आणि पिव्होट कोरडा पडतो. जास्त तेल घातलेलं घड्याळ शेवटी तेलाविनाच मरतं. त्यामुळे 'सढळ हातानं तेल घाला' म्हणणारा आणि 'अजिबात घालू नका' म्हणणारा, दोघांच्या घड्याळाचा आस एकाच रीतीनं झिजतो.

तेल कोणतं, हाही वादाचाच भाग आहे. गावाकडून आलेल्या घड्याळांत मी खोबरेल पाहिलं आहे. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, कारण चोवीस अंशांच्या आसपासच ते गोठतं. जे तेल सकाळी केसाला लागत नाही ते पिव्होटाला काय लागणार? शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा बरं, पण ते पातळ असतं, पसरतं, आणि शिलाई मशीनला ते चालतं याचं कारण आपण तिथे ते वरचेवर घालतो. घड्याळ चार-पाच वर्षं उघडायचं नसतं. शिवाय एका मशीनला एकच तेल पुरत नाही. बॅरलमधल्या, चावीनं आवळल्या जाणाऱ्या कमानीचा जोर मोठा आणि वेग अगदी मंद. बॅलन्सचा वेग मोठा आणि जोर जवळपास नाहीच. बैलगाडीच्या आसाला घट्ट वंगण लागतं, तेच कुणी शिलाई मशीनच्या सुईच्या दांडीला लावत नाही. म्हणूनच मोबियस या स्विस कंपनीचं ९०१० हे बॅलन्ससाठी आणि त्याच्यापेक्षा सात-आठ पट घट्ट असलेलं डी-५ हे मधल्या चाकासाठी आणि बॅरलच्या बाजूला, अशी वाटणी असते. पॅलेट म्हणजे एस्केप चाकाचे दात एकेक करून अडवणारा आणि सोडणारा तुकडा; त्याच्या खड्यांना तर वेगळंच, ठोका बसेपर्यंत घट्ट राहणारं आणि ठोक्यासरशी पातळ होणारं.

यावर म्हणतात की ही सगळी स्विस कंपन्यांची जाहिरात आहे, दोन मिलिलिटरच्या बाटलीला काही हजार रुपये कोण देणार. हिशेब करू. एका घड्याळाला सगळ्या जागा मिळून मिलिलिटरच्या शंभराव्या भागाएवढंही तेल लागत नाही. वाया गेलेलं धरलं तरी एका बाटलीत दीड-दोनशे घड्याळं होतात. दर घड्याळामागे चहाच्या दोन कपांएवढा खर्च. महाग आहे तो वेळ. मशीन धुऊन जोडायला माझा जेवढा वेळ जातो, जवळपास तेवढाच फक्त तेल घालायला जातो. 'तेल नको' हा सल्ला कारागिराला का आवडतो, याचं उत्तर इथे आहे. अर्धं काम करून पूर्ण काम केल्यासारखं दिसतं आणि गिऱ्हाईक आपणहून तसं मागतं.

आणि जाहिरातीचा जमाना नव्हता तेव्हाही माणसांनी या थेंबासाठी काय काय केलं आहे! अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड या बंदरात विल्यम नाय यांचा धंदाच घड्याळाच्या तेलाचा होता. पॉर्पॉइज आणि पायलट व्हेल या समुद्रातल्या प्राण्यांच्या जबड्यातल्या चरबीपासून ते तेल निघे, थंडीत न गोठणारं आणि लवकर न चिकटणारं. त्या प्राण्यांच्या हत्येबद्दल मला आज वाचवत नाही, आणि कृत्रिम तेलं आली याचा मला मनापासून आनंद आहे. पण एका थेंबासाठी लोक समुद्रात गेले. तो थेंब अनावश्यक होता असं त्यांना सांगून बघा.

थोडं वाचलेले तरुण इथे जॉन हॅरिसनचं नाव काढतात. समुद्रावर रेखांश मोजण्याचं घड्याळ करणारा इंग्लंडचा सुतार. त्यानं १७२०च्या दशकात ब्रॉकल्सबी पार्कमध्ये लाकडाचं मनोऱ्याचं घड्याळ केलं, तेलाशिवाय, आणि ते अजून चालतं. हे सगळं खरं आहे, आणि हॅरिसनबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो शब्दांत मावणार नाही. पण त्यानं पिव्होटांसाठी वापरलेलं लिग्नम व्हिटी हे लाकूड मुळातच तेलकट आहे. त्यातून तेल आपोआप पाझरतं. म्हणजे त्याच्या घड्याळात तेल होतंच, ते झाडानं भरून ठेवलं होतं. पुढची तीन मोठी सागरी घड्याळंही त्यानं तेल लागणार नाही अशी रचली. आणि मग तो १७५९ साली पुऱ्या झालेल्या चौथ्या घड्याळाकडे वळला, तेरा सेंटिमीटर व्यासाचं, सेकंदाला ५ ठोके देणारं, आपल्या जनताइतकेच. पॅलेटला हिरे बसवले. आणि तेल घातलं. ग्रिनिचच्या वेधशाळेत पहिली तीन घड्याळं चालू ठेवता येतात. चौथं थांबवून ठेवलेलं असतं, कारण त्याला तेल लागतं आणि चालवलं तर ते झिजेल. तेलाशिवाय घड्याळ करायचा ध्यास ज्यानं आयुष्यभर घेतला, तोच मशीन लहान आणि वेगवान झाल्यावर तेलाकडे आला. तेलाच्या विरोधात हॅरिसनला साक्षीला बोलावणाऱ्यांनी त्याचं हे चौथं घड्याळही बघावं.

नव्या तंत्राबद्दल थोडक्यात. जॉर्ज डॅनियल्स यांनी को-अ‍ॅक्शियल एस्केपमेंट शोधली ती पॅलेटवरचं घसरणं कमी करायला. ओमेगानं ती १९९९ मध्ये बाजारात आणली. २००१ मध्ये युलिस नार्डां कंपनीच्या फ्रीक या घड्याळानं सिलिकॉनचे भाग आणले. फार मोठी कामं आहेत ही. पण त्या घड्याळांतही चाकांच्या पिव्होटांना तेल घालतातच. आणि आपल्या हातातलं एचएमटीचं जनता, सोना किंवा फेवर ल्युबा यांच्यात सिलिकॉन नाही. त्यांच्यात पोलाद आणि माणीक आहे.

तेल सगळीकडे हवं असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. सर्वसाधारण १७ ज्वेलच्या मशीनमधले खडे मोजा. बॅलन्सला चार, पॅलेटचे दोन, मधल्या, तिसऱ्या, चौथ्या आणि एस्केप चाकाला दोन-दोन, झाले चौदा. या चौदांना तेल. उरले तीन. त्यांतले दोन पॅलेटच्या आसाचे. तो आस काही अंशच इकडून तिकडे हलतो, तिथे तेल घातलं तर त्याचा चिकटपणाच जास्त नडतो. तिसरा बॅलन्सच्या खाली बसवलेली माणकाची कांडी, जी पॅलेटला धक्का देते. हे तीन कोरडेच ठेवायचे. एस्केप चाक सोडलं तर बाकीच्या चाकांच्या दातांनाही तेल नाही, कधीच नाही. तिथे धूळ चिकटते आणि दात घासले जातात. मुलांचा 'तेल धूळ धरतं' हा मुद्दा दातांच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे. तो त्यांनी वाटीच्या बाबतीत लावला, तिथे ते चुकले. वाटीतलं तेल खड्याच्या आत, झाकणाखाली, पिव्होटाभोवती असतं.

धुण्याबद्दल माझं भांडण नाही. ते नीटच झालं पाहिजे, भोकाभोकात टोकदार लाकडी काडी फिरवून, ती पांढरी बाहेर येईपर्यंत. फक्त एक सांगतो. काहीजण पॅलेट सगळ्या भागांबरोबर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवतात. पॅलेटचे खडे लाखेनं बसवलेले असतात, आपल्या पळसा-कुसुंबाच्या झाडांवर मिळते त्याच लाखेनं, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. खडा अर्धा केस हलला तरी घड्याळ लंगडं होतं. पॅलेट वेगळं धुवा.

पॅलेटला तेल देणं हा माझ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. मशीन जोडून झालेलं, कमानीला थोडी चावी दिलेली, बॅलन्स अजून बसवलेला नाही. ऑइलरचं, म्हणजे तेल घालायच्या बारीक सुईचं, टोक तेलाच्या कपात बुडवायचं आणि त्यावर जेमतेम दिसेल एवढाच थेंब घ्यायचा. पॅलेटच्या बाहेरच्या खड्याच्या उतरत्या तोंडावर तो टेकवायचा, बाजूला लागू द्यायचा नाही. मग चिमट्यानं पॅलेट हळूच इकडून तिकडे करायचं, दर वेळी एस्केप चाकाचा एक दात सुटतो आणि तेल घेऊन पुढे जातो. पाच दात झाले की दुसरा थेंब. पुन्हा पाच. पुन्हा थेंब, पुन्हा पाच. पंधरा दात पुरे. शेवटी आयग्लासखाली चाक सावकाश फिरवून बघायचं, प्रत्येक दाताच्या टोकावर तेलाची चकाकी आहे का. एखाद्या दातावर नसेल तर परत. इथे श्वास रोखावा लागतो. यात कसलीही जाहिरात नाही. हे काम करणारे हात कमी होत चाललेत याचं मला दुःख आहे, आणि 'तेल नको' म्हणणारी मुलं नकळत त्यांना आणखी कमी करतायत.

आतलं सोडून बाहेरचंच चकचकीत करण्याच्या सवयीमुळे परदेशातल्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांत 'मुंबई स्पेशल' हा शब्द रूढ झाला आहे. रंगवलेली भडक तबकडी, चार घड्याळांचे भाग गोळा करून जोडलेलं मशीन, अशा घड्याळाला ते हे नाव देतात. मला ते ऐकवत नाही. याच मुंबईत १८६५ साली फेवर ल्युबानं दुकान थाटलं होतं. या शहरात घड्याळं दुरुस्त करणारी पिढ्यान् पिढ्यांची घरं झाली. गिऱ्हाईकाला बाहेरून तबकडीच दिसते, म्हणून रंग आतल्या वाटीच्या आधी येतो. आपल्या शहराचं नाव या चुकीच्या कारणासाठी जगात फिरतंय, आणि ते पुसायचं असेल तर तबकडीच्या आधी झाकण उघडून आत बघण्याची सवय लावावी लागेल, विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

कंडक्टरसाहेबांच्या घड्याळाला नवा आस मिळाला, एका मोडक्या जनतामधून. काम संपवताना मी मागचं झाकण उलटं करून बघितलं. आतल्या बाजूला सुईनं कोरलेले बारीक आकडे होते, आमच्या धंद्याची ही जुनी रीत, कुणी कधी खोललं त्याची खूण. ८७, ९१, ९५, ९९, ०४. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी ते उघडून, धुऊन, तेल देऊन बंद केलं होतं. त्यांतले दोन आकडे माझ्या वडिलांच्या हातचे होते, त्यांचा ९ मी कुठेही ओळखेन. ०४ नंतर काही नाही. तीन वर्षांपूर्वी ज्यानं फक्त धुतलं, त्यानं खूणही सोडली नव्हती. मी त्या रांगेखाली महिना आणि साल कोरलं. मग मुलाला बोलावलं, आयग्लास त्याच्या डोळ्याला लावून दिला आणि बॅलन्सच्या वरच्या खड्याकडे बघायला सांगितलं. खड्याखाली तेलाचं गोल कडं स्वच्छ दिसत होतं, चंद्राला खळं पडतं तसं.

"हे किती वर्षं असं राहील काका?" त्यानं विचारलं.

"चार-पाच. मग घेऊन ये."